‘लोन’ शब्दाचा काय गुन्हा?

एका सहकारी पतसंस्थेचा संगणक विभाग मी काही वर्षं सांभाळला आणि पुढे महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवायला लागले. पहिल्या नोकरीत स्पॅमने जीव नकोसा केला होता. दुसऱ्या नोकरीत तोच स्पॅम वर्गात उपयोगी पडतो. सशर्त संभाव्यतेचा धडा पाठ्यपुस्तकात पिशवीतल्या लाल-निळ्या चेंडूंपासून सुरू होतो आणि बहुतेक मुलांपुरता तिथेच संपतो. मला तो नीट कळला तो पतसंस्थेचं टपाल निवडता निवडता. तेव्हा आणि नंतर शिकवताना जे पदरी पडलं ते इथे मांडते. क्रमाला फार अर्थ नाही, फक्त पहिला मुद्दा पहिलाच हवा.

१. प्रश्न कोणत्या बाजूने विचारलाय, ते आधी बघायचं.

लॉटरी लागल्याचं कळवणाऱ्या जवळपास प्रत्येक मेलमध्ये ‘अभिनंदन’ असतं. म्हणून ‘अभिनंदन’ असलेला प्रत्येक मेल लॉटरीवाल्याचा असतो का? वर्गात हे विचारलं की मुलं हसतात. मग मी तेच आकड्यांत विचारते. स्पॅमपैकी ९० टक्के मेलमध्ये अमुक एक शब्द सापडतो. आत्ता आलेल्या मेलमध्ये तो शब्द आहे. तर हा मेल स्पॅम असण्याची शक्यता किती? बऱ्याच वह्यांमध्ये उत्तर येतं, ९० टक्के. मघाशी हसलेली मुलं हीच.

उत्तराला तीन आकडे लागतात. स्पॅममध्ये तो शब्द किती वेळा येतो, चांगल्या मेलमध्ये किती वेळा येतो, आणि मुळात येणाऱ्या टपालात स्पॅम किती. पहिला आकडा सगळे हौसेने मोजतात. दुसरा मोजायला कोणी बसत नाही, कारण चांगल्या मेलमध्ये काय शोधायचं? आणि तिसरा तर लोकांच्या ध्यानातही येत नाही. शब्द दिसल्यावर मेल स्पॅम असण्याची शक्यता आणि मेल स्पॅम असताना शब्द दिसण्याची शक्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीवरून दुसरीकडे जायचा रस्ता या तीन आकड्यांतून जातो. हा रस्ता घालून देणारे थॉमस बेझ हे इंग्लंडमधल्या टनब्रिज वेल्सचे धर्मोपदेशक. ते १७६१ मध्ये वारले. त्यांच्या कागदांतला याबद्दलचा निबंध रिचर्ड प्राइस या मित्राने हुडकला आणि १७६३ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आणला. प्राइसनी ते कागद रद्दीत घातले असते तर परीक्षेला एक प्रश्न कमी असता, असं एका विद्यार्थ्याने मला सांगितलं होतं. तसं होणार नव्हतं. पुढे फ्रेंच गणिती लाप्लास स्वतंत्रपणे तिथेच पोचले.

२. शब्दाला स्वतःचं चारित्र्य नसतं.

पतसंस्थेत आमच्याकडे लिनक्सचा मेल सर्व्हर होता आणि त्यावर स्पॅमअ‍ॅसॅसिन. हा स्पॅम गाळणारा प्रोग्रॅम. त्याचं काम गुणांवर चालतं. प्रत्येक नियमाला ठरावीक गुण, बेरीज ५ झाली की मेल स्पॅम. नियम लिहिणारे लोक बहुतेक अमेरिका-युरोपातले. त्यांच्या टपालपेटीत ‘लोन’, ‘इंटरेस्ट रेट’, ‘अप्रूव्हड’ हे शब्द घेऊन येणारा माणूस शंभरातल्या नव्याण्णव वेळा गळ्यात काहीतरी मारायलाच आलेला असणार. त्यामुळे या शब्दांना गुण भरपूर. आमचे मुख्य व्यवस्थापक, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, त्यांनी सकाळी जंकचा फोल्डर उघडला तर आत अर्ध्या शाखांचा पत्रव्यवहार. अण्णा चिडत नसत. ते फक्त म्हणाले, “मॅडम, आपला धंदाच कर्जाचा. कर्जाचं पत्र कचऱ्यात टाकणारा कारकून मी कामावर ठेवला नसता.”

यातलं गणित फळ्यावर मांडण्यासारखं आहे. समजा हजार मेल आले, त्यात ४०० स्पॅम आणि ६०० चांगले. स्पॅमपैकी ३० टक्के मेलमध्ये ‘लोन’ आहे, म्हणजे १२० मेल. पतसंस्थेच्या चांगल्या मेलपैकी ४० टक्क्यांत ‘लोन’ आहे, म्हणजे २४०. आता ‘लोन’वाला मेल समोर आला. असे एकूण ३६०, त्यातले १२० स्पॅम. शक्यता ३३ टक्के. म्हणजे ‘लोन’ दिसला की उलट मेल चांगला असल्याचा संशय घ्यावा, कारण शब्द न बघता स्पॅमची शक्यता ४० टक्के होती!

आता हेच हजार मेल महाविद्यालयात आणा. स्पॅम तेच ४००, त्यात ‘लोन’ तेच १२०. पण प्राध्यापकांच्या चांगल्या मेलमध्ये ‘लोन’ फार तर १ टक्का, म्हणजे ६. एकूण १२६, त्यात १२० स्पॅम. शक्यता ९५ टक्के. स्पॅम पाठवणारा तोच, त्याचा मजकूर तोच, शब्द तोच. निकाल मात्र पार उलटा, आणि तो उलटवला आपल्या चांगल्या मेलनी.

ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम या अमेरिकी प्रोग्रॅमरने स्पॅमवरचा जो निबंध लिहिला, त्याने हे गणित घराघरात पोचवलं. गणित त्याचं नव्हे, आणि ते मेलवर लावणाराही तो पहिला नव्हे. पण प्रत्येकाने आपापल्या टपालावर फिल्टर शिकवावा, हे त्याने ठासून सांगितलं. तो लिस्प या संगणकभाषेतला माणूस. त्याला येणाऱ्या मेलमध्ये ‘लिस्प’ हा शब्द असला की तो मेल जवळजवळ पासवर्ड दाखवून आत यायचा. आमच्याकडे तो मान ‘जामीनदार’ आणि ‘थकबाकी’ यांचा. फसव्या मेलमधल्या नायजेरियाच्या कुठल्याही राजपुत्राने आमच्याकडे कधी जामीनदार मागितला नाही.

३. चांगले मेल साठवणं हे खरं काम.

स्पॅमअ‍ॅसॅसिनमधला बेझच्या रीतीने शब्द मोजून शिकणारा भाग लगेच बोलू लागत नाही. त्याला किमान २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल दाखवावे लागतात, तोवर तो गप्प बसतो. स्पॅमची वाण नव्हतीच. चांगल्याचे मात्र वांधे, कारण लोक वाचून झालेला मेल पुसून टाकतात आणि उरलेला कोणाला दाखवायला तयार नसतात.

त्यात लोकांच्या लेखी ‘स्पॅम’चा अर्थ ‘मला नको असलेलं’ इतका सैल. वसुली विभागातले एक साहेब लेखापरीक्षणाची स्मरणपत्रं नेमाने स्पॅम म्हणून खूण करायचे. यंत्र बिचारं जे दाखवाल ते शिकतं. त्या साहेबांचं प्रशिक्षण आठवडाभर चालू राहिलं असतं तर निबंधक कार्यालयाचा एकही कागद आमच्यापर्यंत पोचला नसता, आणि आमच्यातल्या काहींना त्याचं दुःखही झालं नसतं. खूण करण्याचा अधिकार शेवटी दोनच माणसांकडे ठेवला.

४. कधीच न दिसलेल्या शब्दाला शून्य द्यायचं नाही.

प्रत्येक शब्दाची संभाव्यता काढायची आणि गुणाकार करत जायचं, अशी ही रीत. आता एका मेलमध्ये पन्नास शब्द पक्के बदमाश आहेत आणि एक्कावन्नावा ‘सभासद’. आजवरच्या ४०० स्पॅममध्ये ‘सभासद’ एकदाही नाही, म्हणजे स्पॅममध्ये तो दिसण्याची शक्यता ०. शून्याने गुणलं की पन्नास शब्दांची कमाई पाण्यात. मेल निर्दोष सुटला.

लाप्लासनी यावर तोडगा सुचवून ठेवलाय. उद्या सूर्य उगवण्याची शक्यता किती, या प्रश्नाला त्यांनी हेच सूत्र लावलं होतं. मोजलेल्या आकड्यात १ मिळवायचा आणि एकूण संख्येत २. म्हणजे ४०० मध्ये ० वेळा दिसलेल्या शब्दाला ० द्यायचं नाही, ४०२ मध्ये १ द्यायचा. सूर्योदयाचं त्यांचं उत्तर लोकांनी थट्टेवारी नेलं, पण ‘सभासद’पुरतं ते चोख आहे. ग्रॅहमने वेगळी युक्ती केली होती: अनोळखी शब्दावरून मेल स्पॅम असण्याची शक्यता सरळ ०.४ धरायची, म्हणजे किंचित चांगल्या बाजूला.

याच गुणाकारातली आणखी एक अडचण मुलांना दरवर्षी भेटते. दोनशे शब्दांचा मेल, प्रत्येकाची संभाव्यता हजारात एक. गुणाकारात दशांश चिन्हामागे ५९९ शून्यं. नेहमीच्या पद्धतीने संगणक साधारण ३०० शून्यांच्या पुढे ही संख्या धरूच शकत नाही, तो मुकाट ० लिहितो. मग स्पॅमची बाजू ०, चांगली बाजूही ०, आणि प्रोग्रॅम लिहिणारा रात्रभर चूक शोधतोय. गुणाकाराऐवजी लॉगची बेरीज केली की झालं. अकरावीत ज्या लॉगच्या तक्त्याला नावं ठेवली तो असा कामी येतो, हे सांगायला मला मनापासून आवडतं.

५. ९९.९७ टक्के ही खात्री साक्षीदारांनी आपसात ठरवलेली असते.

ग्रॅहमच्या निबंधातलं एक उदाहरण आहे. एका शब्दावरून मेल स्पॅम असण्याची शक्यता ०.९७, दुसऱ्यावरून ०.९९. दोन्ही शब्द एकत्र आले तर? ०.९७ म्हणजे ९७ ला ३, सुमारे ३२ पट, ०.९९ म्हणजे ९९ पट. गुणाकार ३,२०० पट, म्हणजे ९९.९७ टक्के. गणित बरोबर आहे. फक्त त्यात असं गृहीत धरलंय की स्पॅममध्ये काय किंवा चांगल्या मेलमध्ये काय, हे दोन शब्द एकमेकांना न विचारता येतात.

प्रत्यक्षात ‘अभिनंदन’, ‘विजेते’, ‘बक्षीस’, ‘दावा’ हे शब्द जत्थ्याने फिरतात. एकाच घरातले चार जण कोर्टात येऊन तीच साक्ष देऊन गेले तर त्याला चार साक्षी म्हणायचं का? हा फिल्टर म्हणतो. म्हणूनच या पद्धतीच्या नावामागे इंग्रजीत ‘भोळी’ असं विशेषण लागलेलं आहे. गंमत अशी की भोळी असूनही ती निवाडा बहुतेक वेळा बरोबर देते. पेद्रो डोमिंगोस आणि मायकेल पाझानी यांनी १९९७ मध्ये याचं कारण दाखवलं: निवाड्यासाठी कोणती बाजू जड एवढंच कळावं लागतं, किती जड हे बिनचूक कळण्याची गरज नसते. तेव्हा पारडं कुठे झुकलं ते विचारा. यंत्र सांगतंय तो आकडा मात्र खात्रीचा म्हणून कोणाला सांगत सुटू नका. मुलं प्रकल्पाच्या सादरीकरणात ‘आमचं मॉडेल ९९.९९९ टक्के खात्रीने सांगतं’ असं म्हणतात तेव्हा मी गुण तिथेच कापते.

६. दोन चुका सारख्या वजनाच्या नसतात.

एक स्पॅम नजर चुकवून आला तर दोन सेकंद जातात. लेखापरीक्षकांचं मुदतीचं पत्र जंकमध्ये गेलं तर मुदत जाते. १९९८ मध्ये मेहरान सहामी, सुझन ड्युमे, डेव्हिड हेकरमन आणि एरिक हॉर्विट्झ यांनी बेझच्या रीतीने जंक मेल गाळण्यावर जो शोधनिबंध लिहिला, त्यात मेलला जंक ठरवण्याची अट ९९.९ टक्के ठेवली होती. ग्रॅहम चांगल्या मेलमधले शब्द मोजताना आकडा दुप्पट धरायचा. स्पॅमअ‍ॅसॅसिनमध्ये बेझचा भाग ९९ टक्के खात्री देत असला तरी त्याबद्दल गुण साडेतीनच्या आसपास मिळतात आणि शिक्षेला ५ लागतात. आणखी कोणीतरी बोट दाखवावं लागतं. मला ही तजवीज फार शहाणपणाची वाटते. पाचव्या मुद्द्यातली ती फुगलेली खात्री लक्षात घेतली तर आवश्यकच.

७. शब्द काय, इतकंच तो कुठे आणि कसा, हेही बघायचं.

ग्रॅहमने जानेवारी २००३ मध्ये आपल्या आधीच्या फिल्टरची सुधारित आवृत्ती मांडली. त्यात मजकुरातल्या साध्या ‘फ्री’वरून मेल स्पॅम असण्याची शक्यता सुमारे ०.६५ होती, पण तोच ‘फ्री’ विषयाच्या ओळीत, सगळी अक्षरं कॅपिटल करून आला की ०.९९९९. एक शब्द फोडून त्याचे कितीतरी शब्द केले आणि प्रत्येकाचा हिशोब वेगळा ठेवला.

आमच्या शाखांनी मात्र याची भंबेरी उडवली असती. शाखा व्यवस्थापकांच्या कीबोर्डवरचं कॅप्सलॉक एकदा दाबलं की निवृत्तीपर्यंत तसंच. विषयाची ओळ सगळी कॅपिटलमध्ये, शेवटी तीन उद्गारचिन्हं, आणि आत लिहिलेलं काय, तर प्रिंटरची शाई संपली. जगाच्या नियमाने हा पक्का स्पॅम. आमच्या टपालावर शिकलेल्या फिल्टरला कॅपिटलचं काहीच वाटेना, कारण चांगल्या मेलमध्ये ती ढिगाने होती.

मराठी पत्रांची कथा आणखी मजेची. युनिकोड अंगवळणी पडण्याआधी पत्रं श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप व्हायची आणि तीच उचलून मेलमध्ये चिकटवली जायची. समोर तो फॉन्ट नसेल तर दिसायची नुसती गिचमिड: रोमन अक्षरं, डॉलरची चिन्हं, महिरपी कंस, मध्येच एखादं उद्गारचिन्ह. माणसाला वाचता येत नसे आणि तयार नियमांना त्यात काळंबेरं दिसे. पण बेझच्या भागाला अर्थाशी देणंघेणंच नाही. डॉलरवाली ती गिचमिड फक्त आमच्या चांगल्या मेलमध्ये येते, स्पॅममध्ये कधीच नाही, एवढं त्याने मोजलं आणि पुढे असा मेल बिनबोभाट आत सोडायला लागला. अण्णांच्या हाती पत्र आलं तरी वाचायला फॉन्ट लागायचाच, ते सोडा.

८. देवनागरी मजकूर यंत्राने कसा तोडलाय, ते डोळ्यांनी बघायचं.

हा मुद्दा मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकासाठी. पायथॉनमध्ये मजकुराचे शब्द तोडायला मुलं नेहमीची सोय वापरतात: लागोपाठ आलेली दोन किंवा अधिक ‘शब्दातली अक्षरं’ म्हणजे एक शब्द. इंग्रजीला ठीक. पण या सोयीच्या लेखी ‘शब्दातलं अक्षर’ म्हणजे फक्त सुटं अक्षर. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलंत हे त्यात बसत नाहीत. ते जिथे येतात तिथे शब्द तुटतो. आणि तुटून एकटं उरलेलं अक्षर टाकून दिलं जातं.

एका विद्यार्थिनीच्या प्रकल्पात सगळे मराठी मेसेज निर्दोष ठरत होते. तिला म्हटलं, आकडे राहू देत, शब्दांची यादी छाप. मेसेज होता, ‘आज रात्री तुमची वीज बंद होईल’. यादीत आलं: आज, मच, ईल. ‘वीज’ला वेलांटी असल्याने व आणि ज वेगळे, दोघेही एकटे, दोघेही बाद. ‘बंद’ अनुस्वाराने गेला. ‘रात्री’चं एकही अक्षर उरलं नाही. ‘तुमची’तले म आणि च तेवढे शेजारी होते, म्हणून ‘मच’. धमकी सगळी गळून पडली, उरला तो ‘आज’.

मग आम्ही खेळच मांडला. ‘बक्षीस’चं ‘बक’. ‘मोफत’चं ‘फत’. ‘केवायसी’चं ‘यस’. ‘बँक’ आणि ‘खाते’ दोन्ही गायब. ‘आजी’ची ‘आज’. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ‘कर्ज’, ‘करार’, ‘करा’, ‘करून’ हे सगळे जण ‘कर’ होऊन एका रांगेत उभे. आता ‘कर’ या एका शब्दाची संभाव्यता काढून कोणाचं काय भलं होणार? नियम बेझचा, लाप्लासची दुरुस्ती, लॉगची बेरीज सगळं शिस्तीत, आणि खाली मोजलं जातंय ते हे. तरी प्रोग्रॅम कुठे अडत नाही, लाल अक्षरात काही ओरडत नाही.

मोकळ्या जागेवर तोडून विरामचिन्हं काढून टाकली की ही अडचण सरते. मग पुढची उभी राहते: ‘कर्जाचा’, ‘कर्जासाठी’, ‘कर्जावरील’, ‘कर्जमुक्ती’ हे यंत्राला चार परके शब्द. मेसेज थोडे असले तर प्रत्येक जण एकदा-दोनदाच दिसतो आणि कोणाबद्दलच काही ठरत नाही. आम्ही शब्दाऐवजी तीन ते पाच अक्षरचिन्हांचे तुकडे मोजले, म्हणजे मूळ शब्दाचा तुकडा चारही रूपांत सापडतो. मराठीला हे मानवतं. शिवाय लोक रोमन लिपीत मराठी लिहितात आणि एकच शब्द चार स्पेलिंगने लिहितात, तिथेही तुकडेच वाचवतात.

९. ९८ टक्के ऐकलं की विचारायचं, कोणाच्या मेसेजवर?

संगणकाच्या प्रत्येक महाविद्यालयात एसएमएसमधला स्पॅम ओळखण्याचा प्रकल्प दरवर्षी होतो, आणि बहुतेक ठिकाणी एकच संग्रह वापरला जातो. २०११ मध्ये ब्राझील आणि स्पेनमधल्या संशोधकांनी तो मांडला. त्यात ५,५७४ मेसेज, पैकी ७४७ स्पॅम. मुलं ९८ टक्के अचूकतेचा तक्ता घेऊन येतात. मी आधी विचारते, डोळे झाकून प्रत्येक मेसेजला ‘चांगला’ म्हटलं तर किती अचूकता? ८६.६ टक्के. म्हणजे तुमची कमाई तिथून पुढे मोजायची.

दुसरा प्रश्न जास्त टोचतो. या संग्रहातला स्पॅम ब्रिटनमधला आहे: पौंडांतली बक्षिसं, रिंगटोन, मिनिटाला अमुक पेन्सचे फोन. चांगले मेसेज मोठ्या प्रमाणात सिंगापूरच्या विद्यापीठातल्या मुलांनी दिलेले, वाक्याच्या शेवटी ‘ला’ आणि ‘लोर’ लावणारे. या दोघांना वेगळं करणं म्हणजे ब्रिटिश जाहिरातदार आणि सिंगापुरी विद्यार्थी यांच्या बोलीतला फरक ओळखणं. त्याच शिदोरीवर मराठी माणसाच्या फोनमध्ये आलेला वीजबिलाचा मेसेज तपासायला घेतला की फिल्टर गोंधळतो, यात नवल नाही. अण्णांच्या जंक फोल्डरचीच ही नवी आवृत्ती, फक्त यावेळी ती प्रकल्प म्हणून मांडणारी मुलं आपली.

संभाव्यतेला काळही चिकटलेला असतो. सहामी आणि मंडळींनी १९९८ मध्ये नोंदवलं होतं की अमेरिकी विद्यापीठांच्या पत्त्यांवरून जंक जवळपास येतच नाही, म्हणून तो पत्ता चांगुलपणाचा भक्कम पुरावा. आज चोरलेल्या पासवर्डनी शिरून महाविद्यालयांच्याच पत्त्यांवरून स्पॅम सोडला जातो. पुरावा तोच, वजन उतरलं.

१०. समोरचाही गणित जाणतो.

फिल्टर पसरले तसे स्पॅमच्या तळाला कादंबऱ्यांचे उतारे येऊ लागले, चांगल्या शब्दांची भर घालून पारडं फिरवायला. औषधांच्या नावात अक्षराऐवजी अंक घालून पाहिले. तो डाव अंगाशी आला, कारण तसं स्पेलिंग चांगल्या मेलमध्ये कधीच नसतं आणि फिल्टरला त्याहून सोपा पुरावा मिळायचा नाही. मग २००६ च्या सुमाराला सगळा मजकूर चित्रात घालून पाठवायला लागले, म्हणजे मोजायला शब्दच नाहीत. यातून एकच शिकले, की फिल्टर एकदा शिकवून कपाटात ठेवायची वस्तू नाही.

११. शब्द सारखे झाले की दुसरा पुरावा शोधायचा.

आता फसवणारा माणूस बँकेचंच वाक्य उचलतो, महावितरणचाच मजकूर उचलतो. ‘वीजपुरवठा’, ‘बिल’, ‘खंडित’ हे शब्द खऱ्या मेसेजमध्ये जितके येतात तितकेच खोट्यात. दोन्ही बाजूंना सारखीच शक्यता, म्हणजे भागाकार १, आणि १ ने गुणून काही बदलत नाही. अशा वेळी शब्दांवर कितीही घाम गाळा, हाती काही लागत नाही.

शेजारच्या काकूंना असाच मेसेज आला होता. मागच्या महिन्याचं बिल अद्ययावत नाही, रात्री साडेनऊला वीज तोडणार, या अधिकाऱ्याला फोन करा. तो मेसेज दहा आकडी साध्या मोबाइल क्रमांकावरून आलेला. महावितरणचे मेसेज कंपनीच्या नावाच्या हेडरने येतात, मोबाइल क्रमांकावरून नाही. हे त्यांनी स्वतः वारंवार जाहीर केलंय. शिवाय विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायची तर पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. सकाळी मेसेज आणि रात्री अंधार, असं कायद्यात बसत नाही.

काकूंच्याच स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरमागे मी हिशोब मांडून दाखवला. आकडे अंदाजाचे, पण मुद्दाम मेसेजच्या बाजूने झुकवलेले. काकूंच्या फोनवर विजेबद्दलचे ५० खरे मेसेज येतात तेव्हा एखादा खोटा येतो, असं धरू. खऱ्यांपैकी हजारात एक चुकून मोबाइल क्रमांकावरून आला, असंही मानू. खोट्यांपैकी दहातले नऊ तसेच येतात. नऊ-दशांशाला एक-सहस्रांशाने भागलं, ९०० पट. सुरुवात ५० ला १ अशी खऱ्याच्या बाजूने होती. ९०० भागिले ५०, म्हणजे १८ ला १ खोट्याच्या बाजूने, सुमारे ९५ टक्के. आणि त्यात पंधरा दिवसांच्या नोटिशीचा मुद्दा अजून धरलेलाच नाही.